गळू काढून चार महिने झाले तरी जखम पाझरतेच आहे. भगंदर म्हणजे नेमके काय, आणि उपचार कसा निवडावा?

निनावी_३८ (प्रश्न)

नमस्कार. विषय संकोचाचा आहे. घरातही मोकळेपणाने बोलता आलेले नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

चार महिन्यांपूर्वी गुदद्वाराच्या मागच्या बाजूला, किंचित उजवीकडे, मोठे गळू झाले. बसता येईना, ताप चढला, आणि दुसऱ्याच दिवशी भूल देऊन ते फोडून पू काढावा लागला. तीन आठवड्यांत जखम जवळपास भरली आणि मी सुटलो असे वाटले. त्यानंतर मात्र त्याच जागी तांदळाच्या दाण्याएवढी पुटकुळी उरली आहे. आठ-दहा दिवस ती बंद राहते, आत जडपणा वाटू लागतो, मग ती आपोआप फुटते आणि कपड्यावर नाण्याएवढा पिवळट डाग पडतो. डाग पडला की दुखणे थांबते, आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. प्रतिजैविकांचे तीन कोर्स झाले. प्रत्येक वेळी पंधरा दिवस बरे वाटले, इतकेच.

गेल्या आठवड्यात शल्यचिकित्सकांनी बोटाने तपासले. पुटकुळीपासून गुदद्वाराकडे जाणारी, कातडीखाली दोरीसारखी लागणारी एक रेघ त्यांनी मलाही हाताने दाखवली. हा भगंदर, म्हणजे फिस्टुला आहे, तो औषधाने जाणार नाही, आधी एमआरआय करू आणि मग शस्त्रक्रियेचे ठरवू, असे त्यांनी सांगितले. वेळ कमी होता, म्हणून माझे प्रश्न मनातच राहिले. एवढ्याशा छिद्रासाठी एमआरआय कशाला? औषधाने पू थांबतो, तर नळी का बुजत नाही? शस्त्रक्रियेनंतर शौचावरचा ताबा जातो असे ऐकले आहे, ते कितपत खरे? क्षारसूत्र, लेझर आणि साधी शस्त्रक्रिया यांपैकी चांगले कोणते?

टाकेवाली

मी जनरल सर्जरीत काम करते आणि आठवड्यातले काही तास याच तक्रारीच्या रुग्णांत जातात. तुमचा शेवटचा प्रश्न मी सर्वांत शेवटी घेणार आहे, कारण तो सगळे आधी विचारतात आणि बाकीचे समजल्याशिवाय त्याला उत्तर नसते.

गुदमार्गात सुमारे दोन सेंटिमीटर आत, बाहेरची कातडी आणि आतड्याचे अस्तर जिथे मिळतात, त्या रेषेवर छोटे खिसे असतात. त्या खिशांत उघडणाऱ्या बारीक ग्रंथी असतात आणि त्यांतल्या काही आतल्या स्नायूतून आरपार जाऊन दोन स्नायूंच्या मधल्या फटीत पोहोचतात. अशी एखादी ग्रंथी तुंबली की तिच्यात जंतू वाढतात, पू होतो आणि तो वाट मिळेल तिकडे सरकतो. तो कातडीखाली येऊन साचला की त्याला आपण गळू म्हणतो. गळू फुटले किंवा फोडले की बाहेरचे तोंड तयार होते. आतले तोंड, म्हणजे त्या ग्रंथीची जागा, मात्र तशीच राहते. पुष्कळांच्या बाबतीत ती आपोआप बुजते आणि गोष्ट तिथेच संपते. जवळपास एक तृतीयांश रुग्णांत, काही पाहण्यांत त्याहून जास्त जणांत, ती बुजत नाही, आणि दोन तोंडांमधली कायमची वाट म्हणजे भगंदर. त्यामुळे तुमचे गळू नीट काढले गेले नाही असे समजू नका. गळू उत्तम रीतीने काढूनही हे होते.

आता प्रतिजैविकांचे. औषध रक्तातून नळीच्या भोवतालच्या मांसापर्यंत पोहोचते, तिथली सूज उतरवते आणि पू कमी करते. पण नळीच्या आत अस्तर धरलेले असते आणि आतल्या तोंडातून दररोज नवे जंतू शिरत असतात. छताला गळती लागलेली असताना फरशी पुसत राहावे, तसा हा प्रकार आहे. लाली पसरत असेल, ताप असेल, मधुमेह असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तेव्हा प्रतिजैविके जरूर लागतात. नळी बुजवणे हे त्यांचे काम नाही.

एमआरआय कशासाठी, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. मलमार्गाभोवती दोन स्नायूंची कडी असतात. आतले कडे आपल्या इच्छेविना सतत आवळलेले राहते आणि झोपेतही गळती होऊ देत नाही. बाहेरचे कडे आपण जाणीवपूर्वक आवळतो. वायू अडवून धरतो तो त्याच्याच बळावर. नळी या कड्यांना कुठे आणि किती उंचीवर छेदून जाते, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील ॲलन पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये केलेले चार प्रकारांचे वर्गीकरण आजही वापरात आहे: दोन्ही कड्यांच्या मधून खाली उतरणारी नळी, बाहेरच्या कड्याला भेदून जाणारी नळी, कड्यांच्या वरून वळसा घेणारी नळी आणि कड्यांना पूर्णपणे बगल देऊन आतड्यातूनच निघणारी नळी. पहिला प्रकार बहुतेक वेळा सोपा असतो, शेवटचे दोन विरळ आणि अवघड असतात. दुसऱ्या प्रकारात बाहेरच्या कड्याचा खालचा थोडासा भाग गुंतला आहे की निम्म्याहून जास्त, यावर शस्त्रक्रिया पूर्ण बदलते. बोटाने तपासून पुष्कळ कळते, पण लपलेली उपशाखा किंवा आत साचलेला पुवाचा कप्पा बोटाला लागेलच असे नाही, आणि भगंदर परत होण्याचे एक मोठे कारण म्हणजे अशी राहून गेलेली शाखा.

ताब्याविषयी तुम्ही ऐकले ते पूर्ण खोटे नाही आणि पूर्ण खरेही नाही. नळी उथळ असेल तर ती लांबीभर उघडून मोकळी ठेवतात आणि जखम तळापासून भरत येते. यात दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त रुग्ण बरे होतात. मात्र नळीवरचा स्नायू त्यात कापला जातो. तो थोडासा असेल तर बहुतेकांना फरक जाणवत नाही. काहींना वायू रोखणे अवघड जाते किंवा कपड्याला क्वचित डाग लागतो. स्नायू जास्त कापला गेला तर पातळ शौचावरचा ताबा सुटू शकतो, आणि ही हानी मागाहून दुरुस्त करणे फार कठीण असते. म्हणून उंचावरच्या नळीत आम्ही स्नायू न कापणाऱ्या पद्धतींकडे वळतो. त्यांतली एक लिफ्ट. ती थायलंडमधील शल्यचिकित्सकांनी २००७ मध्ये मांडली. तिच्यात दोन स्नायूंच्या मधल्या फटीत शिरून नळी तिथेच बांधतात आणि तोडतात. दुसऱ्या पद्धतीत आतल्या अस्तराचा पदर सरकवून आतले तोंड झाकतात. या पद्धतींत ताबा सुरक्षित राहतो, पण यशाचे प्रमाण उथळ नळी उघडण्याइतके नसते. तीनांपैकी साधारण दोन रुग्ण पहिल्या प्रयत्नात बरे होतात, काही ठिकाणी त्याहून अधिक.

तेव्हा कोणती पद्धत चांगली हे विचारण्याआधी, माझ्या नळीत स्नायू किती गुंतला आहे, हे विचारा.

दुसरा_दिवस

माझ्या एका नातेवाइकाचे लेझरने झाले. तिसऱ्या दिवशी ते कामावर गेले. टाके नाहीत, कापाकापी नाही. मग एवढ्या चर्चेची गरजच काय, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

टाकेवाली

तुमच्या नातेवाइकांना आराम मिळाला याचा आनंद आहे. लेझरमध्ये नळीत बारीक तार घालून तिचे अस्तर आतून जाळतात. स्नायूला जवळपास धक्का लागत नाही आणि दुखणे खरोखर कमी असते. पण अनेक अभ्यास एकत्र पाहिले तर पहिल्या खेपेस सुमारे दोन तृतीयांश रुग्णच बरे झालेले दिसतात. जाहिरातीत मात्र ‘पुन्हा होणार नाही’ असे लिहिलेले असते. नळी सरळ, एकपदरी आणि आत पू साचलेला नसेल तेव्हा लेझरचा विचार करण्यात काहीच गैर नाही. ज्या दवाखान्यात एमआरआय न पाहताच प्रत्येकाला लेझर सुचवले जाते, तिथे मात्र मी सावध राहीन. तिसऱ्या दिवशी कामावर जाणे आणि वर्षानंतर कोरडे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्टही त्यांना जरूर विचारा.

क्षारवैद्य

मी आयुर्वेदातील शल्यतंत्राचा पदव्युत्तर वैद्य आहे आणि क्षारसूत्र हेच माझे रोजचे काम आहे. वरील विवेचन मला मान्य आहे. त्यात थोडी भर घालतो.

सुश्रुतसंहितेत भगंदराची गणना आठ महागदांत, म्हणजे बरे करण्यास अतिशय कठीण अशा व्याधींत केलेली आहे. गुदाजवळची पुळी न पिकलेली असताना पिडका आणि पिकून फुटली की भगंदर, असे तिथे म्हटले आहे. गळू आणि नळी या एकाच रोगाच्या दोन अवस्था आहेत, हेच आज आपण वेगळ्या शब्दांत सांगतो. प्रकारांची नावेही पाहण्यासारखी आहेत. अनेक तोंडांनी पाझरणारा तो शतपोनक, उंटाच्या मानेसारखा उंचावलेला तो उष्ट्रग्रीव, शंखाच्या वळशासारखा फिरणारा तो शंबूकावर्त. घोड्याच्या नालासारखी दोन्ही बाजूंना पसरलेली नळी एमआरआयच्या चित्रात पाहताना मला शंबूकावर्त आठवल्याशिवाय राहत नाही.

क्षारसूत्र म्हणजे लिननच्या मजबूत दोऱ्यावर दिलेले एकवीस लेप. अकरा लेप फक्त निवडुंगाच्या जातीतील स्नुहीच्या चिकाचे, सात लेप चीक आणि अपामार्गाच्या, म्हणजे आघाड्याच्या, क्षाराचे, आणि शेवटचे तीन लेप चीक आणि हळदीचे. प्रत्येक लेप वाळल्यावरच पुढचा द्यायचा असतो. हा दोरा नळीतून ओवून बाहेर बांधतात. दर आठवड्याला जुन्या दोऱ्याच्या टोकाला नवा दोरा बांधून जुना ओढून घेतला की नवा जागेवर येतो, आणि बाहेर आलेल्या जुन्या दोऱ्याची लांबी आम्ही मोजून ठेवतो. ती दर आठवड्याला कमी होत जाते. ढोबळमानाने एका सेंटिमीटरला एक आठवडा धरतात. दोरा पुढून कापत जातो आणि मागून जखम भरत येते. पुष्कळांना भूल द्यावी लागत नाही. दोरा बदलण्याच्या दिवशी आणि त्यानंतर दोन दिवस चांगलीच आग होते, हे आधी सांगितलेले बरे.

आमच्याच क्षेत्रातले काही जण सांगतात, ती ‘क्षारसूत्रात स्नायू कापला जात नाही’ ही गोष्ट चुकीची आहे. तो कापला जातो. फरक इतकाच की तो एका क्षणात कापला न जाता आठवड्यांमागून आठवडे हळूहळू कापला जातो, त्यामुळे त्याची टोके व्रणऊतीने धरून ठेवली जातात आणि एकदम दूर सरकत नाहीत. बनारस हिंदू विद्यापीठात १९६०च्या दशकात या पद्धतीला शास्त्रशुद्ध रूप मिळाले. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांत शस्त्रक्रियेशी तिची तुलना केली. ते निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात पुन्हा भगंदर होण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के आणि शस्त्रक्रियेत ११ टक्के आढळले, पण जखम भरण्यास क्षारसूत्रात सुमारे ८ आठवडे लागले आणि शस्त्रक्रियेत ४. म्हणजे वेळ जास्त, पुनरावृत्ती कमी. ज्याला दर आठवड्याला येणे जमणार नाही त्याने हा मार्ग निवडू नये. मध्येच सोडलेला दोरा कुणाच्याच उपयोगाचा नाही.

आणखी एक. तोंडे अनेक असतील, वारंवार जुलाब होत असतील, वजन उतरत असेल किंवा शौचातून रक्त आणि आव जात असेल, तर क्रोन्स या आतड्याच्या आजाराची शंका घेऊन आतड्याची तपासणी आधी झाली पाहिजे. क्षयरोगही नळीच्या रूपाने दिसू शकतो. अशा रुग्णाला दोरा बांधण्याची घाई केली की जखम भरतच नाही आणि दोष पद्धतीला मिळतो.

निनावी_३८

सर्वांचे मनापासून आभार. एमआरआय झाला. अहवालातील मजकूर असा आहे: बाहेरच्या कड्याला भेदून जाणारी एकच नळी, लांबी सुमारे साडेचार सेंटिमीटर, बाहेरचे तोंड ७ वाजता, आतले तोंड ६ वाजता, उपशाखा किंवा पुवाचा कप्पा नाही, ग्रेड ३. यातले ‘वाजता’ हे काय आहे? मधुमेह नाही, जुलाब नाहीत, वजन स्थिर आहे.

टाकेवाली

रुग्ण पाठीवर, पाय वर करून झोपला आहे असे समजून गुदद्वाराभोवती घड्याळाची तबकडी कल्पायची. १२ म्हणजे पुढची बाजू, ६ म्हणजे माकडहाडाकडची, आणि समोरून पाहत असल्यामुळे ७ म्हणजे तुमची उजवी मागची बाजू. तुमचे बाहेरचे तोंड मागे आहे आणि आतले बरोबर मागच्या मध्यावर आहे. मागच्या बाजूच्या नळ्या वळण घेऊन मध्यावर उघडतात आणि पुढच्या बहुधा सरळ आत जातात, असा एक जुना नियम गूडसॉल यांच्या नावाने शिकवला जातो. तुमची नळी तो पाळते आहे. नियम नेहमीच पाळला जातो असे नाही, म्हणून शस्त्रक्रियेच्या टेबलावर आम्ही बाहेरच्या तोंडातून थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतो आणि आत कुठे फेस येतो ते पाहतो. पांढरे बुडबुडे एका बिंदूतून उसळताना दिसले की मनाला जे समाधान मिळते ते दुसऱ्या कशाने मिळत नाही. नळीची वाट शोधण्याची सळई मात्र जोर लावून कधीच घालायची नसते. नसलेली वाट त्यामुळे तयार होते.

ग्रेड ३ म्हणजे स्नायूला भेदणारी, पण शाखा आणि गळू नसलेली नळी. अहवालात एक गोष्ट राहिली आहे: बाहेरच्या कड्याच्या उंचीपैकी किती भाग नळीच्या खाली येतो. रेडिओलॉजिस्टना ती लिहून द्यायला सांगा, किंवा तुमच्या शल्यचिकित्सकांसोबत चित्रे पाहा. खालचा एक तृतीयांश किंवा त्याहून कमी भाग गुंतला असेल आणि आज तुमचा ताबा उत्तम असेल, तर नळी उघडण्याचा पर्याय बहुतेक जण समोर ठेवतील. त्याहून जास्त असेल तर आधी नळीत ओवून पू वाहता ठेवणारा सैल दोरा आणि नंतर लिफ्ट किंवा पदर, असे दोन टप्पे सुचवले जातील. हाच अहवाल एखाद्या स्त्रीचा असता आणि नळी पुढच्या बाजूला असती, तर मी उघडण्याचे नाव सहसा काढले नसते, कारण तिथे बाहेरचे कडे मुळातच आखूड असते आणि प्रसूतीत त्याला इजा झालेली असू शकते.

कोणतीही पद्धत ठरो, काढलेल्या नळीचा तुकडा तपासणीसाठी पाठवण्यास सांगा. तारखेची वाट पाहत असताना पाझर अचानक बंद होऊन ठणका वाढला, ताप आला किंवा लघवी अडली, तर थांबू नका. नवे गळू भरत आहे असे समजून त्याच दिवशी दाखवा.

सैलदोरा

मी रुग्ण आहे, डॉक्टर नाही. दोन वर्षांपूर्वी माझी नळी निम्म्या स्नायूच्या वर निघाली, म्हणून पहिल्या टप्प्यात सैल दोरा आणि साडेतीन महिन्यांनी लिफ्ट झाली. आज मी कोरडा आहे. या दोऱ्याबद्दल कुणीच नीट सांगत नाही, म्हणून लिहितो.

हा दोरा कापणारा नसतो. मऊ सिलिकॉनची बारीक गोल कडी असते. ती नळीचे तोंड उघडे ठेवते, म्हणजे पू साचत नाही आणि सूज उतरून नळी दोरीसारखी पक्की होते, जी पुढे बांधायला सोपी जाते. माझ्या मनात तो एक अपमान होता. पहिल्या आठवड्यात प्रत्येक पावलाला कुणीतरी आतून चिमटा काढतो आहे असे वाटे. तिसऱ्या आठवड्यानंतर तो अंगावर आहे हे मी तासन्तास विसरत असे. पाझर सुरूच राहतो, तो राहायलाच हवा. कापसाची घडी ठेवायची आणि दिवसातून दोन-तीनदा बदलायची. शौचानंतर कागदाने घासण्याऐवजी कोमट पाण्याने धुणे आणि दहा-पंधरा मिनिटे त्याच पाण्यात बसणे, यासारखा आराम दुसरा नाही. मल मऊ राहील एवढे पाणी आणि तंतुमय अन्न हे औषधाइतकेच पाळावे लागते, कारण कुंथण्याची एक वेळ सगळा दिवस बिघडवते.

लाजेबद्दल एक गोष्ट. फ्रान्सच्या चौदाव्या लुईलाही भगंदर झाला होता आणि १८ नोव्हेंबर १६८६ रोजी, भूल नसलेल्या त्या काळात, त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याच्या शल्यचिकित्सकाने आधी अनेक महिने इतर रुग्णांवर सराव केला होता. राजाच्या दुखण्याची चर्चा दरबारभर झाली. आपण निदान घरातल्या एका माणसाला सांगायला हरकत नाही; मला रोज जखम पाहून देणारे कुणीतरी हवेच होते, कारण ती जागा स्वतःला दिसत नाही.

निनावी_३८

पत्नीला काल सगळे सांगितले. रागावली, ती चार महिने लपवल्याबद्दल. शल्यचिकित्सकांनी चित्रे पुन्हा पाहिली. निम्म्याच्या आसपास स्नायू गुंतला आहे, म्हणून सैल दोऱ्यापासून सुरुवात ठरली आहे. एकच शंका उरली आहे: माझे काम आठ तास खुर्चीत बसण्याचे आहे. दोऱ्याच्या गाठीवर बसावे लागते का?

सैलदोरा

सुरुवातीला लागते तसे. गाठ एका जागी राहत नाही, बसण्या-उठण्यात कडी फिरते. गाठ बाहेर, बाजूला असेल तर काही कळत नाही. ती नळीच्या तोंडाशी आली की टोचते, आणि क्वचित आत शिरते. तेव्हा घाबरून ओढू नका. कोमट पाण्यात बसून, कडी ओली असताना, दोन बोटांनी हलकेच फिरवत गाठ बाहेर आणायची. मला चौथ्या दिवशी जमले. ती फिरतच नसेल किंवा कडी तुटून निघाली, तर तोंड बुजण्याच्या आत, एक-दोन दिवसांत, दाखवून या. खुर्चीत तासाला एकदा उठत जा, आणि मध्ये भोक असलेल्या गोल उशीचा मोह टाळा. माझ्या बाबतीत तिच्यामुळे ताण नेमका त्याच जागेवर येई. साधी जाड, मऊ उशी पुरली.